नानांनी प्यायलेली बुरशी

जळगावातल्या एका प्रयोगशाळेत मी बुरशीवर काम करते. सातपुड्यात कुजक्या लाकडावर उगवणाऱ्या एका बुरशीतून आम्ही एक द्रव्य वेगळं काढलं आहे. केमोमध्ये देतात त्या प्लॅटिनमच्या औषधाने किडनीच्या पेशी मरतात. काचेच्या बशीत हे द्रव्य आधी घातलं, तर त्यातल्या बऱ्याच वाचतात. आमचं काम अजून एवढंच झालं आहे.

नाना, म्हणजे माझे वडील, यावलजवळ केळी लावतात. तंबाखूने त्यांच्या गालात गाठ झाली आणि डॉक्टरांनी नेमकं तेच औषध सांगितलं. नाना आधी नाहीच म्हणाले. शेजारच्या मळ्यातल्या एकाची किडनी केमोत गेलेली त्यांनी पाहिली होती. त्याच सुमारास मी त्यांना प्रयोगशाळा दाखवायला नेलं. मायक्रोस्कोपखाली दोन बशा ठेवल्या, एकीत मेलेल्या पेशी, दुसरीत जिवंत. बाप वाकून बघतोय म्हटल्यावर मला तरी कुठला आवर! अर्धा तास मी बोलतच होते. चार दिवसांनी नाना केमोला तयार झाले. डॉक्टरांनी नीट समजावलं असेल, असं मी धरून चालले.

पहिल्या केमोनंतर त्यांनी विचारलं, “तुह्यं ते बुरशीचं औषध मले कधी देशीन?”

“ते अजून माणसाला द्यायचं नसतं, नाना.”

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. विषय संपला, असं मला वाटलं.

दुसऱ्या केमोनंतर बाराव्या दिवशी त्यांना ताप भरला. दवाखान्यात ठेवावं लागलं. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनी थकलेली. डॉक्टरांनी विचारलं, “बाहेरचं काही औषध घेतलं का?”

“बाहेरचं कायीच नही,” नाना ठणकावून म्हणाले. डॉक्टर गेल्यावर मी पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाले, “घरचं घेतलं.”

घरचं म्हणजे ट्रायकोडर्मा. तीही बुरशीच. केळीची मुळं सडू नयेत म्हणून आमच्याकडे ती गुळाच्या पाण्यात मुरवतात आणि खोडाशी ओततात. नाना रोज सकाळी त्यातलं अर्धा ग्लास पाणी गाळून पीत होते. तेही अगदी शिस्तीत. बुरशीनाशक फवारलं की आठ दिवस ट्रायकोडर्मा द्यायचा नाही, नाहीतर तो मरतो, हे केळीवाल्याला कोणी शिकवावं लागत नाही. नानांनी केमोला फवारणी धरलं आणि दोन्ही वेळा आठ दिवस थांबले.

“केयीच्या मुयांले चालते, मंग मले काहून नही चालनार?” ते म्हणाले. “तू तं देत नव्हती.”

मला आधी हसू आलं. मग धोका लक्षात आला. केमोने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटलेल्या माणसाने जिवंत बुरशी पिणं म्हणजे विस्तवाशी खेळ. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं, बोलणीही खाल्ली. आठवडाभराने ताप उतरला. किडनी कशाने बिघडली, औषधाने की त्या पाण्याने, हे कोणालाच ठामपणे सांगता आलं नाही. प्लॅटिनमचं औषध बंद झालं. किडनीला सोसेल असं दुसरं सोमवारपासून देऊन बघू, डॉक्टर म्हणाले. गुण किती येईल, त्याची हमी नाही.

घरी सोडल्यावर मी त्यांना गाडीतून यावलला नेत होते. वाटेत त्यांनी विचारलं, “तुह्यं औषध मानसाले कधी भेटीन?”

या वेळी मी पूर्ण खरं सांगितलं. “दहा-पंधरा वर्षं तरी लागतील, नाना. कदाचित कधीच नाही.”

ते म्हणाले, “हे तवाच सांगाचं ना, बाई. मी तं तुह्याच भरवश्यावर हो म्हनलो व्हतो.”

आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

“सोमवारी जायाचं का मंग?” त्यांनी विचारलं.

“जायचं,” मी म्हणाले.

“बरं,” नाना म्हणाले. मी सांगितलं म्हणून ते पुन्हा तयार झाले. मला फार लाज वाटली.