अकरावी पाटी

ओळंब्याला मी प्रथम नीट पाहिलं ते शाळेच्या फळ्यासमोर. चौथीचा फळा काळा करून झाला होता आणि तो त्यावर सुलेखनाच्या रेघा ओढत होता. हातात पट्टी नाही, दोरी नाही. श्वास रोखायचा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ब्रश न्यायचा. मला राहवलं नाही. रेघ वाळल्यावर मी फूटपट्टी लावून पाहिली. त्यानं डबा धुता धुता मान वळवली.

"बाई, पट्टी वाकडी निघाली तर सांगा, बदलून आणतो."

त्या दिवसापासून आम्ही शिक्षकांनी त्याचं नाव ओळंबा ठेवलं. गवंड्याचा ओळंबा चुकेल, पण याची रेघ चुकायची नाही.

गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या. माणूस एकटा, पुढे दुकान, मागे खोली. एक थोरली बहीण, ती नदीपलीकडे, म्हणजे शेजारच्या देशात दिलेली. तिचं लग्न झालं तेव्हा पूल दिवसभर उघडा असे. पुढे टेकड्यांवरून दोन्ही देशांचं बिनसलं आणि पूल फक्त नातेवाइकांपुरता उरला, तोही महिन्याच्या पहिल्या रविवारी, नऊ ते पाच.

कामात त्याचे दोन हट्ट होते. पत्र्यावर रंगाचे तीन हात द्यायचे आणि प्रत्येक हात दोन दिवस वाळू द्यायचा. आणि अर्थ कळल्याशिवाय अक्षराला ब्रश लावायचा नाही.

गेल्या वर्षी आपल्या मदतीला एक मोठा देश आला. लोक त्याच्या माणसांना पाहुणे म्हणत. पाहुण्यांनी आधी शाळेचं मैदान गाड्यांसाठी घेतलं, मग तळमजला घेतला. शाळेचे शिपाई म्हणाले, "एक दिवसाचा पाहुणा गोड, बाई. हे तर कपाटं घेऊन आलेत!" आम्ही हसलो. दुसऱ्या आठवड्यात शिपायांची खोलीही गेली.

एका शुक्रवारी पाहुण्यांचा एक अधिकारी दुभाषाला घेऊन ओळंब्याच्या दुकानात आला. बारा पाट्या हव्या होत्या, चार दिवसांत, त्यांच्याच लिपीत. कागदावर अक्षरं काढून आणली होती.

"वाचून दाखवा," ओळंबा म्हणाला.

"तुला काय करायचंय?" दुभाषा हसला. "चित्र समज आणि काढ."

"चित्रवाला पुढच्या गल्लीत बसतो."

दुभाषानं कंटाळून एकेक नाव वाचलं. गावांची नावं होती. पहिली सात आपल्याकडची. आठवं नदीपलीकडचं. अकरावं बहिणीचं.

"पाच हात लागतील. दहा दिवस," ओळंबा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो कामाबद्दल खोटं बोलला. पूल उघडायला नऊ दिवस होते.

संध्याकाळी तो माझ्याकडे आला. बसला नाही. "बाई, तिकडे नातेवाइकांशिवाय कोणाला जाता येत नाही. मग तिकडच्या रस्त्यावर पाहुण्यांच्या लिपीतल्या पाट्या कोण वाचणार?"

माझ्याकडे उत्तर होतं, त्याच्याकडेही होतं. मी फोन त्याच्यापुढे सरकवला. माझा जुना फोन असा, की पलीकडचं बोलणं खोलीभर ऐकू येतं. आणि मधे आणखी कोणी ऐकत असतं हे सगळ्या गावाला ठाऊक.

"ताई, पूल उघडेल त्या रविवारी ये. पोरींना घेऊन. चार कपडे जास्त आण."

"का रे, लग्नबिग्न ठरवलंस की काय?"

"ठरलं तर तुला न विचारता? ये गं."

"सासूबाईंना कोण बघेल? त्या अंथरुणावरून उठत नाहीत आणि हे तिकडे टेकड्यांवर, ड्यूटीवर." मग तिचा आवाज खाली आला. "आमच्याकडेही पाहुणे आलेत. दुसरे. काल प्रत्येक दारावर नंबर घालून गेले."

तो एवढंच म्हणाला, "ये तू." मग फोन ठेवला.

त्यानं रंगात जवसाचं तेल सढळ हातानं ओतलं, म्हणजे रंग वाळता वाळू नये. बुधवारी अधिकारी आला. पाटीला बोट लावलं, बोट निळं झालं. रुमालानं पुसत तो दुभाषाशी काहीतरी बोलला.

"साहेब म्हणतात, सोमवारी सकाळी न्यायच्या. ओल्या असल्या तरी."

रविवारी बहीण आली. दोन्ही पोरी हाताला धरलेल्या, खांद्यावर एक पिशवी. मी जेवणाचा डबा घेऊन गेले होते. दुकानात भिंतीला बारा पाट्या टेकवलेल्या.

"ही कुठली भाषा?" तिनं विचारलं.

"पाहुण्यांची. ही अकरावी बघ. तुझं गाव आहे."

ती पाटीकडे पाहत राहिली.

"इथंच राहा, ताई."

"आणि म्हातारीला पाणी कोण देईल? शेजारीण पाचपर्यंतच बसणार आहे." मग एकदम म्हणाली, "पोरींना ठेव. मी सासूबाईंची सोय लावते आणि पुढच्या रविवारी येते."

पुढचा रविवार म्हणजे महिन्यानंतरचा. तिघांनाही ते कळत होतं.

साडेचारला निघताना तिनं धाकटीची वेणी सोडली, भांग पुन्हा पाडला, वेणी पुन्हा घातली. वेणी आधीही काही विसकटलेली नव्हती. ओळंबा पुलापर्यंत गेला. मी पोरींना घेऊन मागे थांबले.

सोमवारी पाट्या गेल्या. अकराव्या पाटीच्या ओल्या रंगावर उचलणाऱ्याच्या चारही बोटांचे ठसे उमटले. पुसून द्यायला ओळंबा पुढे झाला, तर दुभाषानं त्याला हातानं बाजूला केलं. गुरुवारी पहाटे गाड्या पुलावरून निघाल्या. दुपारपर्यंत आम्ही त्या मोजत होतो, मग सोडून दिलं.

त्यानंतर सहा पहिले रविवार गेले. पूल उघडलेला नाही. माझ्या फोनवरून तो रोज नंबर फिरवतो. पलीकडे घंटीसुद्धा वाजत नाही.

पोरी आता आपल्या शाळेत येतात, वरच्या मजल्यावर. ओळंबा सहाला उठतो, डबे भरतो, दोघींच्या वेण्या घालतो. धाकटीचा भांग अजून वाकडाच निघतो.