मुक्या सिनेमाच्या पाट्या

शाळेतल्या सरांनी आमच्या बचत गटाच्या बायांना शनिवारी दुपारी सिनेमा दाखवायचं ठरवलं. वर्गाच्या खिडक्यांना गोणपाट लावून अंधार केला होता. सिनेमा फार जुना, मुका. एका जुनाट बंगल्याचा मालक मरतो, नातेवाईक गोळा होतात आणि मग एकेक जण नाहीसा व्हायला लागतो. पाच मिनिटं झाली तरी आवाज नाही, म्हणून एकीने उठून स्पीकरला चापट मारली.

सर म्हणाले, "ह्याला आवाज नसतोच. मध्ये मध्ये पाटी येते, तिच्यावर बोलणं लिहिलेलं असतं. इंग्रजी काढून मी मराठी घातलंय. तुमच्यातलंच कोणीतरी वाचा."

शिकलेल्या पोरी वाशिंदला कारखान्यात गेलेल्या. उरलेल्यांत चौथी झालेली मी एकटी. मला ढकलून पुढे उभं केलं. शाळा सुटल्यापासून मी वाचत होते ते एसटीचे बोर्ड आणि रेशन दुकानाचा फळा, तेही मनातल्या मनात. पहिली पाटी अर्धी वाचली आणि ती गेली. दुसरीही तशीच.

"गो, तुझं वाचून होईस्तवर खुनी मुरबाडला पोचंल!"

"पोचंल कसला, घरी जाऊन जेवंल पण!"

सगळ्या हसल्या. मी खाली बसले. पाट्या कळल्याशिवाय कोण कोणाला का भितंय तेच कळेना. सरांनी सिनेमा बंद केला आणि पुढच्या शनिवारी पहिल्यापासून लावतो म्हणाले.

"त्या टायमाला एखादी पोरगी आणा वाचाया," मागून कोणीतरी म्हणालं. ते मला लागलं.

सगळ्या गेल्यावर मी सरांपाशी गेले. त्यांच्याशी मी आधी कधी बोलले नव्हते. म्हटलं, "पाट्यांचे कागद द्याल का? मीच वाचणार."

"देतो. पण शेवटच्या पाच पाट्या नाही. हे कोणाचं काम ते आधी कळलं तर मजा काय?"

आठवडाभर मी ते कागद चुलीजवळ पिठाच्या डब्याला टेकवून ठेवले. भाकरी थापताना वाचायचे, गोठ्यात वाचायचे. नवऱ्याने विचारलं, "कोनाशी बोलतेस?"

"बंगल्यातल्या नोकराशी."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि ताट जरा लांब ओढलं.

दुसऱ्या शनिवारी मी पाटी जायच्या आत वाचू लागले. पण माझा आवाज बारीक.

"मागं काय ऐकू येत नाय!"

पुढे एक म्हातारी मावशी बसली होती. गावातल्या लग्नांत धवळे तीच गाते. त्यात एकीने ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची. मी वाचलं, "दिवा कोणी विझवला?" आणि मावशीने सवयीने ओळ उचलली, "दिवा गो कोनी विझवला?" तिच्यामागून पुढची सगळी रांग. बाया खदखदून हसल्या, पण ओळ मागच्या भिंतीपर्यंत गेली. मग प्रत्येक पाटी तशीच. थोड्या वेळाने कोणी हसेना. जिन्यावरून नुसता एक हात खाली आला तेव्हा तर सगळ्या एकमेकींना चिकटल्या.

मग न वाचलेल्या पाट्या आल्या. पहिलीच लांबलचक होती. मी अर्ध्यावर पोचले आणि ती गेली. मावशी माझ्याकडे बघत होती, उरलेल्या ओळीची वाट पाहत. मनाचं काहीही सांगितलं असतं तरी बायांना कळलं नसतं. पण मग आठवडाभर केलं ते कशाला?

"थांबवा, सर," मी म्हटलं. एवढ्या मोठ्याने मी चारचौघांत कधी बोलले नव्हते. "मागं घ्या. मी वाचेपर्यंत पाटी हलवू नका."

सरांनी पाटी मागे आणली आणि धरून ठेवली. मी एकेका शब्दावर बोट ठेवल्यासारखं वाचलं. "मालक मेलाच नव्हता. आपल्यासाठी खरं कोण रडतं ते बघायला तो भिंतीमागे लपला होता. जे खोटं रडले त्यांना त्याने तळघरात कोंडलं."

ही ओळ उचलायचं सोडून मावशी ओरडली,

"मेला नव्हता? मंग बाराव्याला जेवली ती लोकं, त्यांचं काय?"

वर्ग नुसता उसळला. कोणी मालकाला शिव्या दिल्या, कोणी म्हणालं बरं केलं त्याने. पाटी भिंतीवर तशीच उभी होती. खाली एक ओळ राहिली होती. मी बसले नाही. सगळ्या गप्प होईपर्यंत थांबले आणि तीही वाचली, "खरं रडला तो एकटा नोकर." मग सरांना म्हटलं, "आता पुढची आणा."