पंचाची शिट्टी

साखऱ्यात मुलींच्या कबड्डीचा शेवटचा सामना होता. पकडीत माझ्या नातीचं डोकं आपटलं, तरी ती उठून चढाईला निघाली. पंचानं शिट्टी मारून खेळ थांबवला.

"काहून थांबवलं रे? बराबर खेळून राहिली की पोरगी!" मी ओरडले.

पंच उतारवयाचा होता. शिट्टी सदऱ्याला पुसत आला, कण्हत खाली बसला आणि माझ्याकडं बोट दाखवून नातीला म्हणाला, "पोरी, या कोण?"

"मावशी," ती म्हणाली.

माझी नात मलाच, आपल्या आजीला, ओळखत नव्हती.

त्यानं तिला बाहेर बसवलं. लोक खवळले.

"शिव्या मला द्या, पाणी लेकराला द्या," म्हणत त्यानं आपला ओला रुमाल तिच्या कपाळावर ठेवला.

आम्ही हरलो. नात दवाखान्यातून बरी होऊन आली. त्या पंचाचं नाव मी विचारलं नाही. त्याच्यावर सगळ्यांत आधी ओरडले होते ती मात्र मीच.