तिच्या अंगठ्यासाठी बांधलेला कॉम्प्युटर

माझी बायको सानगडीच्या प्राथमिक शाळेत शिकवायची. तिचा आवाज रस्त्यापलीकडच्या पिठाच्या चक्कीपर्यंत ऐकू जायचा. आधी तो आवाज जड झाला, मग शब्द एकमेकांत मिसळू लागले. हातातून खडू पडायला लागला. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि मला एकट्याला बाहेर बोलावून सांगितलं, की एकेक स्नायू जात राहील, यावर औषध नाही. "डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहील," ते म्हणाले. हे ते दिलासा म्हणून सांगत होते की काय, मला कळलं नाही.

ही ऐंशीच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. मी साकोलीला एका तांत्रिक शाळेत रेडिओ आणि टीव्हीची दुरुस्ती शिकवत होतो. वर्षभरात तिचं बोलणं बंद झालं. हात गेले, पाय गेले. उरले डोळे आणि उजव्या हाताचा अंगठा. तिच्या वर्गातला बाराखडीचा तक्ता मी घरी आणला होता. मी एकेका अक्षरावर बोट फिरवायचो, हवं ते अक्षर आलं की ती डोळे मिटायची. असं एक वाक्य व्हायला चहा थंड होई. एकदा तिने तक्त्यावर जुळवलं, 'एकटीला लिहायचं आहे.'

मला समजलं. तिला जे काही म्हणायचं होतं ते माझ्या बोटातून, माझ्या डोळ्यांसमोर जाणं तिला नको होतं.

म्हणून मी कॉम्प्युटर बांधायला घेतला. अक्षरं पडद्यावर एकामागून एक उजळत जातील, हवं ते आलं की तिने अंगठ्याने एक बटण दाबायचं, एवढंच काम. नागपूरहून चिपा आणल्या, बोर्ड मी स्वतः जोडला, पडदा म्हणून घरचाच ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. पण नुसत्या बोर्डाने भागत नाही. यंत्राच्या सगळ्या भागांना कामाला लावणारी ऑपरेटिंग सिस्टिम लागते. माझा एक मित्र नागपूरच्या एका ऑफिसात होता. त्याने तिथल्या मशीनची सिस्टिम फ्लॉपीवर उतरवून दिली आणि सांगितलं, "ही त्याच मशीनसाठी बनवलेली आहे गड्या. तुझ्या डब्ब्यावर चालली तर नशीब." फ्लॉपी वाचणारा ड्राइव्हही त्याच्याच ऑफिसच्या भंगारातला, जुना.

चालू केल्यावर पहिल्यांदा सिस्टिम व्यवस्थित आत आली. पडद्यावर खूण उमटली. मी ओरडलोच. पण पुढचा प्रोग्राम मागवला, तर ड्राइव्ह कर्कश वाजला आणि पडद्यावर वाक्य आलं: बॅड सेक्टर. म्हणजे फ्लॉपीवरचा तो भाग वाचता येत नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

मी फ्लॉप्या बदलल्या. ड्राइव्हची केबल बदलली. ड्राइव्हवरची क्रमांकाची पिन इकडची तिकडे केली. उन्हाळी धानाला पाणी देणाऱ्या मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडे व्होल्टेज बसायचं, म्हणून शाळेतून स्टॅबिलायझर मागून आणला. त्या मशीनच्या कंपनीला पत्र लिहिलं. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं, की हे यंत्र आमचं नाही, आम्ही काही सांगू शकत नाही. त्यांचं चूक नव्हतंच. माझ्या घरातली ती वस्तू कुणाचीच नव्हती.

तिकडे अंगठा थकत चालला होता. मी रोज शाळेतून आलो की आधी तिच्या हाताखाली बटण धरून बघायचो. कधी लगेच टिक वाजायचं, कधी वाट बघावी लागायची. सोल्डरिंगचा धूर तिला सोसत नव्हता, म्हणून मी काम ओसरीत करायचो आणि ती आतून दारातून बघत पडून राहायची.

माझी आई सकाळची वंदना आटोपून तिला भरवायला बसायची. आईला अक्षरओळख नव्हती, त्यामुळे दिवसभर त्या दोघी नुसत्या एकमेकींकडे बघत. एका रविवारी आई दारात येऊन उभी राहिली.

"काहून रे, रोज त्या डब्ब्यापाशीच बसून राहतेस? जरा तिच्यापाशी बस ना."

"तिच्यासाठीच करून राहिलो ना, आई."

"तो डब्बा बोलन तवा बोलन. तुही बायको आज हाये ना."

खरं तर मला तो बोर्ड विहिरीत टाकून द्यावासा वाटत होता. मी यंत्र पुन्हा चालू केलं. पुन्हा तोच कर्कश आवाज, तेच वाक्य. मी डोकं धरून खाली बसलो.

आतून आई म्हणाली, "अरे, पाह्य, ते तुले बलावते." बायको डोळे जोरजोराने मिटत होती. मी तक्ता घेतला. घ. मग काना. मग ई.

घाई.

"मी घाई करतोय?" मी विचारलं. तिने डोळे मिटले नाहीत. म्हणजे नाही. तिने नजर ओसरीकडे वळवली, यंत्राकडे. मग पुन्हा तक्ता. 'आधी सावकाश वाजतो. मग घाई.'

मी ड्राइव्ह पुन्हा चालू केला आणि या वेळी पडद्याकडे न बघता नुसता ऐकला. सिस्टिम आत येत होती तेव्हा टक, टक, टक. सिस्टिमने ताबा घेतला की टर्रर्र. एवढे दिवस मी फक्त पडद्यावरचं वाक्य वाचत होतो. तिला मात्र दुसरं कामच नव्हतं. आणि पोरांच्या पाढ्यांत कोण कुठे घाई करून अडखळतो, हे ऐकण्यात तिची वर्षं गेली होती.

सिस्टिम आत आणणारा छोटा प्रोग्राम मी लिहिलेला होता आणि तो ड्राइव्हचं हेड, म्हणजे फ्लॉपीवर फिरून वाचणारा भाग, सावकाश सरकवायचा. सिस्टिम मात्र नव्या, चपळ ड्राइव्हसाठी बनलेली होती. हा म्हातारा ड्राइव्ह तिच्या वेगाने धावताना वाट चुकत होता. सिस्टिमच्या पोटात हेडचा वेग ठरवणारा एक आकडा कुठेतरी असणार. तो शोधायला मला पुढचा पूर्ण आठवडा लागला. बदलला, आणि प्रोग्राम आत आला. सावकाश, टकटक करत.

टीव्हीवर इंग्रजी अक्षरंच उमटत. मराठी त्यांत लिहिणं तिला आवडलं नाही, पण लिहिलं. पहिलं वाक्य: चहात साखर जास्त आहे. मी ते आईला वाचून दाखवलं. आई रडायला लागली आणि मग म्हणाली, "आता सांगते? येवढे दिवस गोडच पेली ना!"

काही दुपारी ती मला नजरेने बाहेर जायला सांगायची. मी ओसरीत बसायचो, आतून बटणाची टिकटिक यायची. आत गेलो की पडदा कोरा. लिहिलेलं पुसण्याची सोय मी केली होतीच. तिने काय लिहिलं होतं ते मी विचारलं नाही.

पावसाळा संपायच्या आत अंगठा गेला. मी बटण गालाशी लावून पाहिलं, पण गाल आपोआप उडायचा आणि पडद्यावर भलतीच अक्षरं साचायची. मी रोज बटणाची जागा बदलत होतो, स्प्रिंग ढिली करत होतो. एके दिवशी तिने पडद्याकडे बघणंच सोडून दिलं. माझ्याकडे बघत राहिली. मी स्विच बंद केला.

लवकर पिकणाऱ्या हलक्या धानाची कापणी सुरू झाली होती तेव्हा ती गेली. मी साकोलीला वर्गावर होतो. निरोप घेऊन आलेल्या माणसाला मी आधी विचारलं, "कोण होतं जवळ?" तो म्हणाला, "तुमची आई होती. हात धरून बसली होती."