दोन्ही टोंगळ्यांना बिब्बा

मला त्याच्या गुडघ्यांचा हेवा वाटायचा. दुसऱ्याच्या शेताचा, घराचा, नशिबाचा हेवा करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण दुसऱ्याच्या गुडघ्यांवर जळणारा माझ्याशिवाय कुणी भेटला नाही. आखाड्यात तो माझ्या शेजारी बैठका मारायचा तेव्हा माझं अर्धं लक्ष त्याच्या पायांकडे असे. वर-खाली, वर-खाली, आणि आवाज म्हणून नाही. माझा उजवा गुडघा मात्र खाली बसलो की 'कट्' करायचा. तो कट् सगळ्या आखाड्याला ऐकू जातो अशी माझी खात्री होती.

छप्पन-सत्तावनची गोष्ट असेल. आमचा जिल्हा नुकताच नागपूरकडून मुंबईकडे गेला होता. दारव्ह्यापासून सायकलनं तासाभरावर असलेल्या आमच्या गावात त्यामुळे काडीचा फरक पडला नव्हता. मी विशीतला. घरी कापूस-तुरीचं शेत, दोन बैल, एक म्हैस, आणि मारुतीच्या देवळामागे आमचा आखाडा. वस्ताद दारव्ह्याच्या जिनात कापसाच्या गाठी बांधायच्या कामावर होते. पहाटे आमच्याकडून मेहनत करून घेत आणि मग सायकलवर टांग मारून कामाला जात.

तो तांड्यावरचा. तांडा नाल्याच्या पलीकडे. त्याचे आजे-पणजे बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरलेले, आता तीन पिढ्या शेती करत होते. आखाड्यात तो माझ्यानंतर चार वर्षांनी आला, वयानंही वर्षभर लहान. मी सहा वर्षं घासून जे शिकलो ते त्यानं दोन पावसाळ्यांत उचललं. बरं, खुराक काय? भाकरी आणि मिरचीचा ठेचा. मी बदाम भिजवून खायचो आणि अंगाला लागायचं त्याच्या. मला तो आवडत नव्हता. का, असं कुणी विचारलं असतं तर एकही धड कारण सांगता आलं नसतं, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

महाशिवरात्रीला चार कोसांवर जत्रा भरे. तिथल्या दंगलीत प्रत्येक गावाकडून एकच जण उतरायचा, त्याला आमच्याकडे 'गावचा गडी' म्हणत. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, आखाड्यात कुस्ती लावून तो गडी ठरायचा. त्या दिवसापासून शिवरात्रीपर्यंत रोज संध्याकाळी एकेका घरून त्याला लोटाभर दूध जाई. म्हैस असलेल्या प्रत्येक घराची पाळी लागलेली असायची. मागची दोन वर्षं तो लोटा माझ्याकडे येत होता. दुधाला मी काही महाग नव्हतो, आमच्याच घरी म्हैस होती. पण गावातली बाई पदर सावरत दारात येते आणि "गावच्या गड्याचं दूध" असं म्हणून लोटा खाली ठेवते, त्या तीन शब्दांवर मी वर्षभर जगायचो. त्या वर्षी ते माझ्याकडून जाणार अशी कुजबुज होती. वस्तादांनी दिवाळीतच सांगून टाकलं होतं की यंदा कुस्ती आम्हा दोघांत लागेल.

आणि करीला महिना असताना माझा गुडघा गेला.

पडलो नाही, कुणी मुरगळला नाही. पहाटेच्या बैठका चालल्या होत्या, तीनशेच्या पुढे कुठेतरी खाली गेलो आणि वर येताना वाटीच्या आत कुणीतरी सुई खुपसली. पाय तिथंच थांबला. तो माझ्या शेजारी होता, त्यानं मान वळवली. मी लंगोट सारखा करतो आहे असं दाखवून कसाबसा उभा राहिलो. त्या दिवशी घरी जाताना देवळाच्या पाच पायऱ्या मी एकेक पाय टेकवत उतरलो.

वस्तादांचा नियम सोपा होता. दुखरा गडी मातीत उतरायचा नाही. गडी ठणठणीत आहे याचा पुरावा म्हणजे रोजच्या पाचशे बैठका. मोजायला आमच्याजवळ चिंचोके असत. डावीकडे पन्नासांचा ढीग मांडायचा आणि दहा बैठका झाल्या की एक चिंचोका उजवीकडे सरकवायचा. डावीकडचा ढीग संपला की सुटका. मी दुसऱ्या दिवसापासून एका वेळी दोन चिंचोके सरकवायला लागलो. तिसऱ्या दिवशी मान वर केली तर तो माझ्या बोटांकडे बघत होता. माझा चेहरा तापला. तो परत बैठका मारायला लागला, आणि त्यानं वस्तादांना सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, त्याला चुगलखोर तरी म्हणता आलं असतं.

पंधरा दिवस गेले तरी सुई निघेना. शेकलं, हळद लावली, पट्टी बांधून झोपलो. शेवटी एका दुपारी, आई कापूस वेचायला गेली असताना, मी तिच्या डब्यातून बिब्बे काढले. बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला की त्याचं काळं तेल निघतं, त्याचे ठिपके दुखऱ्या सांध्यावर देतात. घरोघरचं औषध आहे, पण चामडी भाजते आणि डाग लपत नाहीत. आखाड्यात तर आम्ही लंगोटावर. उजव्या गुडघ्यावर ठिपके दिसले की माझं बिंग फुटलंच म्हणायचं. मग मला एक युक्ती सुचली. दोन्ही गुडघ्यांवर ठिपके दिले तर कोणता दुखतो हे कुणाच्या बापाला कळणार नाही. मी दोन्हीकडे सात-सात ठिपके दिले आणि स्वतःच्या डोक्यावर खूश होऊन बसलो.

तिसऱ्या दिवशी दोन्हीकडचा बिब्बा उतला. फोड आले, खाज सुटली, पाण्यानं भरलेले दोन लाल गुडघे घेऊन मी आखाड्यात गेलो. एका दुखऱ्या पायाचे आता दोन झाले होते. पोरं हसायला लागली. वस्ताद जवळ आले.

"काय बे, दोन्ही टोंगळे एकदम गेले? म्हतारा झाला काय?"

आमच्याकडे गुडघ्याला टोंगळाच म्हणतात. मी म्हणालो, "नाही वस्ताद, थंडीनं पाय वळून राह्यले, म्हनून घातला."

त्यांनी डावा दाबला, मी ओरडलो. उजवा दाबला, मी तितकाच ओरडलो. वस्तादांनी थोडा विचार केला. "दोन्ही सारखेच दुखतात म्हंजे कातडं दुखते, हाड नाही. जाय, कर मेहनत."

म्हणजे माझा मूर्खपणा कामी आला. मी पास झालो. सगळे आपापल्या जागी गेले, तो मात्र उभा राहिला होता. तो माझ्या दोन्ही गुडघ्यांकडे पाहत नव्हता. फक्त उजव्याकडे पाहत होता.

करीच्या दिवशी देवळामागे पाय ठेवायला जागा नव्हती. हलगी वाजत होती. मी माती कपाळाला लावली आणि मनात एकच हिशेब मांडला. हा माझा पट काढणार. पट काढणं म्हणजे खाली वाकून समोरच्याचा पाय ओढायचा आणि त्याला पाडायचं. तो त्याचा हुकमी डाव होता, त्याच्याच जोरावर तो इतका पुढे आला होता. त्यानं पाय धरला की गुडघा जाणार हे मला ठाऊक होतं. लाज वाटते सांगायला, पण मला तेच हवं होतं. मी ओरडून पडणार, लोक धावणार, आणि मग सारा गाव म्हणणार की बिचाऱ्याचा पाय मोडला, नाहीतर गडी तोच होता. जिंकायची आशा मी केव्हाच सोडली होती. मला फक्त त्याचं जिंकणं नासवायचं होतं.

सलामी झाली. आम्ही मनगटं धरली. मी उजवा पाय पुढे टाकला, त्याच्या हाताशी येईल इतका. त्यानं धरला नाही. मी आणखी पुढे सरकवला. तो बाजूला झाला. लोक ओरडायला लागले, "पट काढ ना बे! पाय समोर हाय!" वस्तादसुद्धा म्हणाले, "काहून थांबला?" मी अक्षरशः पाय त्याच्या पुढ्यात मांडून ठेवला होता, आणि तो माझ्या डोळ्यांत बघत मान हलवत होता. नाही म्हणून.

मग त्यानं माझी मान आणि दंड आवळला, कंबर घातली आणि मला वरच्या वर फेकलं. ढाक हा डाव त्यानं त्याआधी आखाड्यात कधीच मारला नव्हता. माझी पाठ मातीला लागली. गुडघ्याला धक्कासुद्धा बसला नाही.

लोकांनी त्याला उचललं. मी मातीत बसून गुडघा चोळत राहिलो, निदान कुणी विचारावं म्हणून. कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी नाल्यावर तो भेटला. मी तिरसटून म्हणालो, "काहून नाही धरला पाय?"

"दुखते ना तुहा. उजवा."

"तुले कोनं सांगतलं?"

"सांगाले कायले पाह्यजे? माह्या याडीचा तसाच हाय. उठताना ते उजव्या मांडीवर हात ठेवते. तूबी ठेवतं." याडी म्हणजे त्याची आई. मग म्हणाला, "पाय मोडून गावचा गडी होऊन काय करू, भाऊ?"

मला वाटलं, याच्या एक ठेवून द्यावी. वाईट वागला असता तर मी त्याला माफ केलं असतं.

दुधाची पाळी सुरू झाली. चारेक दिवसांनी आमच्या घराची आली. आईनं धार काढली, पितळी लोटा भरला आणि माझ्यापुढे ठेवला. "जाय, देऊन ये तांड्यावर."

"तू जाय ना माय."

"मले भाकरी टाकाच्या हायेत. पाळी हाय घराची, नाही म्हनता येते का?"

मी लोटा घेऊन निघालो. लंगडत. दोन वर्षं जो लोटा माझ्या दारात येत होता तो आता मीच दुसऱ्याच्या दारात नेत होतो. नाल्याच्या अलीकडे विहीर होती. तिथं मी थांबलो. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी लोटा तोंडाला लावला आणि अर्धं दूध पिऊन टाकलं. गरम होतं, घट्ट होतं, आमच्याच म्हशीचं होतं, तरी चोरीचं लागलं. मग पोहऱ्यानं पाणी काढलं आणि लोटा काठोकाठ भरला.

तो खाटेवर बसला होता. त्याच्या आईनं मला बसायला घोंगडं टाकलं, उजव्या मांडीवर हात ठेवून उठली आणि आत गेली. दारात म्हणायचं ते मी कसंबसं म्हणालो, "गावच्या गड्याचं दूध." त्यानं लोटा दोन्ही हातांत घेतला आणि एका दमात रिकामा केला. मिशीला निळसर पाणी लागलं होतं. मी जमिनीकडे पाहत होतो. त्यानं तोंड पुसलं आणि आतल्या आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "याच्या म्हशीचं दूध लय घट्ट हाय वं, याडी."

शिवरात्रीला तो गेला. जिंकूनही आला. मी त्या जत्रेला गेलो नाही, गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. गुडघ्याबद्दल मी पहिल्यांदाच खरं बोललो. पुढे दोन वर्षांत माझी मेहनत सुटली ती कायमची.

वयाची साठी उलटल्यावर केव्हातरी, दारव्ह्याच्या बाजारात, चहाच्या टपरीवर मी चार नव्या पोरांना ही कुस्ती सांगत होतो. म्हणजे माझ्या पद्धतीनं. यानं माझा दुखरा पाय धरून ओढला, नाहीतर त्या वर्षीचा गावचा गडी मीच होतो, वगैरे. इतकी वर्षं मी तसंच सांगत आलो होतो आणि सांगता सांगता मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. तो मागच्या बाकड्यावर बसलेला मला दिसला नव्हता. एका पोरानं त्याला ओळखलं आणि विचारलं, "खरं काय हो काका? पाय धरलता तुमी?"

मी कप खाली ठेवला. आता सगळं बाहेर येणार, चिंचोके, बिब्बा, सगळं.

तो उठला. वाकला, कट् न करता सरळ झाला, आणि पिशवी खांद्याला लावत म्हणाला, "हाव. टोंगळा धरला म्हनून जमलं. नाही तं हा कायले पडते माह्याच्यानं."

पोरं माझ्याकडे आदरानं पाहायला लागली. तो गर्दीत गेला. माझा चहा निवला होता, तो मी तसाच प्यालो. त्यानं मला चिंचोके सोडले होते, पाय सोडला होता, आणि आता ती कुस्तीही देऊन टाकली होती. मी त्याला जन्मात एकच गोष्ट नेऊन दिली, आणि तिच्यात अर्धं पाणी होतं.