ज्याले लागली, त्यानं सांगावं

त्या दिवशी मी हरलो होतो. हे आजवर मी कोणालाच सांगितलेलं नाही, घरीसुद्धा नाही. माझ्या क्लासच्या भिंतीवर त्या सामन्याचा मोठा फोटो आहे आणि त्यात मी जिंकलेला दिसतो.

फोटोत खाली पडलेले आहेत ते आमचे उस्ताद. अकोल्यात आमच्या मोहल्ल्याच्या तोंडाशीच त्यांचं गाद्या-रजया भरायचं दुकान होतं. दाढीत कायम कापूस. कोणी म्हणालं, "उस्ताद, दाढी पिकली," तर म्हणायचे, "पिकली नाई बा, सरकी काढून ठेवली हाय." संध्याकाळी दुकानामागच्या आखाड्यात ते लाठी आणि कुस्ती शिकवायचे. असा एखादा उस्ताद तुमच्याही गावात असेल. आमच्यात सगळ्या घरांतली पोरं होती. गणपतीतही आम्हीच लाठी फिरवायचो आणि मोहरमलाही आम्हीच.

त्यांच्या आखाड्याचा एक कायदा होता. लाठी असो की हात, वार अंगापाशी आणून थांबवायचा, नुसता टेकवायचा. टेकवणाऱ्यानं गप्प राहायचं. ज्याला टेकला, त्यानं वाकून मातीला हात लावायचा आणि म्हणायचं, "लागली." तिथं डाव संपला.

एकदा मी चिडून ओरडलो, "उस्ताद, मी मारलं ना याले! हा सांगूनच नाई राहिला."

"मंग तू कावून बोंबलून राहिला? मारनारा बोलत नसते, बेटा. ज्याले लागली, त्यानं सांगावं."

"अन् नाई सांगितलं त?"

"त त्याच्यासंगं खेळू नको. बस."

पुढे मी पुण्याला गेलो, तिथं मिक्स्ड मार्शल आर्ट्स शिकलो आणि अमरावतीत क्लास काढला. शेतीवरून पोरांचं मन उडालेलं, अशी ती वर्षं. दर्यापूर, चांदूर बाजारकडची पोरं शहरात येऊन पडत होती. बाउन्सर, गार्ड, काहीही व्हायची तयारी. विचारायची, "सर, खऱ्या मारामारीत काय चालते?" मी ठणकावून सांगायचो, लाठी अन् कुस्ती मिरवणुकीपुरती. पण नुसत्या बोलण्यावर पोरं थांबत नव्हती, ऐकून निघून जायची. क्लास बंद पडायला आला होता. तेव्हा मला उस्ताद आठवले. जुनं आणि नवं समोरासमोर दाखवू, असं मी त्यांना कळवलं.

ते एसटीनं आले. माझ्या मुलीसाठी भरून आणलेली लहानशी उशी आधी हातात दिली. मग क्लासमधला लढतीचा जाळीचा पिंजरा पाहून म्हणाले, "याच्यात कोंबड्या ठेव. अंडे तरी देतीन." पोरं खो खो हसली. आत शिरताना त्यांनी हळूच विचारलं, "कायदा कोनता?"

"आपलाच, उस्ताद," मी म्हणालो. दुसरं काही म्हटलं असतं तर ते आत आलेच नसते.

मी त्यांच्या पायांत शिरायला वाकलो आणि ते तिथं नव्हतेच. बाजूला सरकून त्यांनी कोपर माझ्या कानामागं आणून टेकवलं. घातलं असतं तर मी उठलो नसतो. त्यांनी टेकवलं, थांबले, आणि हात खाली सोडून माझ्या शब्दाची वाट पाहत उभे राहिले. बाहेरच्या पोरांना यातलं काही दिसलंच नव्हतं. ती ओरडत होती, "सर, टाका! सर, टाका!"

मी त्यांचे पाय उचलले आणि त्यांना उजव्या खांद्यावर खाली आपटलं.

पडल्या जागेवरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता. मी आता तरी काही बोलेन, असं त्यांना अजून वाटत होतं.

पोरांनी काढलेला व्हिडिओ मोबाइलांवरून गावोगाव गेला. माझा क्लास भरला. तिकडे अकोल्यातला आखाडा रिकामा झाला. हरलेल्या माणसाकडे शिकून काय करायचं, असं घरोघर बोलणं झालं. उस्तादांचा खांदा पुन्हा सरळ बसला नाही. गादीत दाभण ओढणं सुटलं, दुकान भाच्यानं घेतलं. दुकानावर कोणी विचारलं तर एवढंच म्हणायचे, "काई नाई, पडलो." ते यापेक्षा जास्त बोलणार नाहीत, हे मला माहीत होतं. त्यांच्याच कायद्यानं त्यांचं तोंड बांधलं होतं आणि मी त्याचा फायदा घेत होतो.

एकदा हिंमत करून गेलो. डाव्या हातानं स्टूल ओढत ते म्हणाले, "ये पहेलवान. चालून राहिला ना क्लास?"

"हो, उस्ताद."

"चहा घेशीन?"

चहा घेतला. सगळं ओठापर्यंत आलं होतं. ते रस्त्याकडे पाहत बसले, जणू त्यांना काही घाई नव्हती. कप खाली ठेवला आणि मी उठलो. "सांभाळून जाजो, बेटा," ते म्हणाले.

उस्ताद गेले, ते मला उशिरा कळलं. पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. दुकानात भाचा मशीनवर कापूस पिंजत होता. त्यानं मला ओळखलं, पण मशीन थांबवलं नाही.

क्लास अजून चालतो. बोललो तर तो उभा राहत नाही, आणि न बोलता मला तिथं उभं राहवत नाही. रोज मात्र कुलूप उघडतो. तुम्हाला सांगितलं ते सोपं होतं, तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. त्यांच्या आखाड्यातली पोरं आता बाप्ये झाली आहेत. आपला उस्ताद हरला, असंच ती धरून बसली आहेत. ते हरले नव्हते, हे त्यांच्यासमोर जाऊन सांगणं माझ्याकडे बाकी आहे.