गाठीचा टीबी

पोरगा आठ महिन्यांचा होता तेव्हा माझ्या मानेत, कानाच्या खाली, सुपारीएवढी गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून मी लक्ष दिलं नाही. सासूबाईंनी मात्र बघितलं आणि गाठीवर बिब्बा लावला. गाठ होती तिथंच राहिली, कातडं तेवढं भाजलं. मग नवऱ्यानं सुट्टी काढून मला आणि पोराला शटल गाडीनं दौंडला, सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथं गाठीत सुई घालून पाणी काढलं, छातीचा फोटो काढला. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, टीबी आहे. नवरा खुर्चीवरून उठून उभाच राहिला. त्यांनी त्याला बसवलं आणि केसपेपरच्या पाठीमागं माणसाची आकृती काढली. रक्ताच्या नळ्यांसारख्याच आणखी बारीक नळ्या अंगभर असतात. त्यांतून बिनरंगाचं पाणी वाहतं, आणि मान, काख, जांघ इथं त्या नळ्यांवर गाठी असतात, प्रत्येकाच्या, जन्मापासून. पाटाच्या तोंडाशी आपण काडीकचरा अडायला जाळी लावतो ना, तसं. जंतू तिथं अडतात, पांढऱ्या पेशी त्यांना घेरतात, आणि लढाई वाढली की गाठ सुजते.

"तुमचे जंतू गाठीतच कोंडलेत. फुफ्फुसं स्वच्छ आहेत, खोकल्यातून काही बाहेर पडत नाही. म्हणजे कुणाला लागणार नाही. सहा महिने गोळ्या घ्या आणि बाळाला खुशाल पाजा."

पोराच्या दंडावरचा लशीचा व्रणही त्यांनी बघितला. म्हणाल्या, याच्या अंगाला तर या जंतूची ओळख आधीच करून दिलीय.

खुटबावला घरी येऊन मी हे सगळं सासूबाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्यांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं हिंडण्यात गेलेलं. जमीन, ऊस, पक्कं घर हे नंतरचं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"डागदरीन एकेक मेंढरू बघती," त्या म्हणाल्या, "म्या कळप बघितलाय. एक ठसकलं की आदी त्याला बाजूला काढायचं, मग इचार करायचा. तू मला नको झालीस व्हय?"

नको झाले नव्हते, हीच तर पंचाईत होती. मागच्या पडवीत, जिथं पूर्वी मेंढरं कोंडायचे, तिथं त्यांनी स्वतः सारवून माझी खाट टाकली. रोज अंडं, दूध, भाकरी उंबऱ्यापाशी ठेवायच्या, लांब उभ्या राहायच्या आणि मी पुरतं खाल्ल्याशिवाय हलायच्या नाहीत. असल्या मायेशी भांडायचं तरी कसं? पोरगा त्यांनी जावेच्या पदराखाली दिला. तिची मुलगी तेव्हा अंगावर पीत होती, दूध दोघांना पुरायचं. मी माझं पिळून मोरीत सोडायचे. होता होता ते आटलं.

नवरा रांजणगावला कंपनीत होता आणि शिरूरला चौघांत खोली घेऊन राहायचा. वीकली ऑफला यायचा आणि अंगणातूनच बोलायचा.

"गोळ्या घेतीस न्हवं?"

"घेते की."

"कंपनीत कुणाला बोललो न्हाई. काढून टाकत्याल."

डॉक्टरीणबाईंनी एवढं कागदावर काढून दाखवलं, त्यातलं या शहाण्याच्या डोक्यात 'टीबी' एवढंच शिल्लक होतं.

दिवसभर मी मान चाचपत बसायचे. त्या घरात माझ्या बाजूनं लढणारं कुणी असलंच तर ते त्या गाठीत होतं. शटलची शिट्टी ऐकली की गाडीतल्या अनोळखी बायकांचा हेवा वाटायचा. त्यांच्या शेजारी कुणीतरी खेटून बसलेलं असेल म्हणून. भिंतीपलीकडं पोरगा रडायचा. जाऊ "आले रं राजा" म्हणायची आणि रडं थांबायचं. थांबलं याचं मला बरं वाटायला हवं होतं. वाटायचं नाही.

गाठ विरली. सहा महिन्यांनी दौंडला गोळ्या बंद झाल्या. त्या दिवशी स्टेशनपासून घरापर्यंत मी जवळजवळ पळतच आले. पोरगा आता चालायला लागला होता. मी हात पसरले. तो बघत बघत मागं सरकला आणि "आई" करत जावेच्या मांडीत शिरला. ती बिचारी ओशाळली. "अरं, ही तुझी आई," म्हणून तिनंच त्याला समजावलं. पण मी उचललं की तो अंग ताठ करायचा आणि गाव गोळा होईल असं किंचाळायचा.

सासूबाईंनी काही दिवस बघितलं. मग दोरीवरचं नाही, जावेच्या अंगावरचंच लुगडं मागून घेतलं आणि माझ्यापुढं धरलं.

"कोकरू दुसरीला लावलं की आईचा वास इसरतं. मग त्या दुसरीचा वास आईच्या अंगाला लावायचा. म्या कैक कोकरं परत लावल्यात. हे नेस. धुऊ नगंस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच शहाणपणानं माझं लेकरू नेलं होतं, आणि आता तेच शहाणपण ते परत द्यायला आलं होतं. तरी मी नेसले.

दुपारी तो पेंगुळलेला असताना त्याला घेतलं. त्यानं पदरात नाक खुपसलं, हुंगलं, आणि अंग सैल सोडून माझ्या खांद्यावर झोपला. मी हलले नाही. रडूसुद्धा गिळलं. हुंदक्यानं जागा झाला असता, तर त्यानं वर बघितलं असतं, आणि त्याला माझं तोंड दिसलं असतं.